चहा स्वस्त होऊनही पाण्यात का गेला? अमेरिकन वसाहतींचा करविरोध मुलांना शिकवण्याविषयी

शारदा_म

नमस्कार. मी मॅसॅच्युसेट्समधील एका शाळेत पाचवीच्या मुलांना सामाजिक शास्त्र शिकवते. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यातले सातवर्षीय युद्ध संपल्यापासून लेक्सिंग्टनची चकमक, म्हणजे स्वातंत्र्ययुद्धाची पहिली लढाई होईपर्यंत, म्हणजे १७६३ ते १७७५ या काळात, अमेरिकेतील वसाहतींनी ब्रिटिश करांना जो विरोध केला, तो आमच्या अभ्यासक्रमाचा मोठा भाग आहे. या संकेतस्थळावर इतिहासाचे प्राध्यापक आहेत, वकील आहेत आणि इकडे मुले वाढवणारे पालकही आहेत. म्हणून सर्वांचे विचार एकत्र यावेत, या हेतूने हा धागा काढत आहे.

मुलांच्या कानावर घरीदारी जी गोष्ट पडलेली असते, ती साधारण अशी असते: इंग्लंडच्या राजाने भरमसाट कर लादले, लोक चिडले, त्यांनी चहा समुद्रात फेकला आणि क्रांती झाली. या गोष्टीतला जवळजवळ प्रत्येक तुकडा दुरुस्त करावा लागतो. कर राजाने नव्हे, तर पार्लमेंटने बसवले होते. ते भरमसाट नव्हते, कारण ब्रिटनमधला सामान्य माणूस वसाहतीतल्या माणसापेक्षा कितीतरी अधिक कर भरत होता. आणि ज्या चहावरून एवढे रामायण घडले, तो चहा १७७३ च्या कायद्याने महाग नव्हे, तर स्वस्त होणार होता.

त्यामुळे मी या विषयाची सुरुवात चहाच्या किमतीपासून करते. फळ्यावर दोनच वाक्ये लिहिते. पहिले वाक्य, १७७३ साली चहा स्वस्त करणारा कायदा झाला. दुसरे, त्याच वर्षी १६ डिसेंबरच्या रात्री बॉस्टनच्या लोकांनी ३४२ पेट्या चहा बंदरातल्या पाण्यात ओतला. मग या दोन वाक्यांचा मेळ घालायला मुलांना सांगते. चहा खराब असेल, त्यात विष असेल, त्यांना कॉफी आवडत असेल, असे पहिले अंदाज येतात. थोड्या वेळाने कोणीतरी विचारते की स्वस्त कोणी केला आणि का केला. तेथून खरा धडा सुरू होतो.

त्या कायद्याची रचना मुलांना समजेल अशी मांडता येते. त्यापूर्वी ईस्ट इंडिया कंपनीला आपला चहा लंडनमध्ये लिलावाने विकावा लागे, तेथील व्यापारी तो घेत आणि मग तो अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांकडे जाई. नव्या कायद्याने कंपनीला स्वतःच्या नेमलेल्या अडत्यांमार्फत थेट अमेरिकेत चहा विकण्याची मुभा मिळाली आणि ब्रिटनमध्ये भरलेली जकात परत मिळण्याची सोय झाली. मधले दलाल गेले, भाव उतरला. मात्र १७६७ पासून अमेरिकेच्या बंदरात रत्तलामागे ३ पेन्सचा जो कर होता, तो तसाच राहिला. तोही काढून टाकावा, नाहीतर वसाहती चहा घेणार नाहीत, असा इशारा विल्यम डाउड्सवेल या सदस्याने पार्लमेंटमध्ये दिला होता. पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांनी तो मानला नाही. म्हणजे जो कोणी तो स्वस्त चहा विकत घेईल, तो रत्तलामागे ३ पेन्स भरून पार्लमेंटला आपल्यावर कर बसवण्याचा अधिकार आहे, हे मान्य करणार होता. माझ्या मते या विषयाचा गाभा एवढाच आहे, आणि दहा वर्षांच्या मुलालाही तो समजू शकतो.

माझ्या अडचणी पुढे सुरू होतात. चहाच्या आधीचा इतिहास किती सांगावा, ब्रिटिशांची बाजू न्याय्यपणे कशी मांडावी, आणि या चळवळीतली दांडगाई व गुलामगिरीचा प्रश्न या वयाच्या मुलांसमोर कसा ठेवावा, याविषयी आपली मते वाचायला आवडतील.

---

गोदाकाठ

शारदाताई, धागा फार चांगला काढला आहे. मी नाशिकला पदवीच्या वर्गांना आधुनिक जगाचा इतिहास शिकवतो. माझे विद्यार्थी वयाने मोठे असले तरी वर आपण सांगितलेली तीच गोष्ट मनात घेऊन येतात. चहापासून सुरुवात करण्याला माझी हरकत नाही. परंतु लगेच मागे जाऊन मुलांना जॉर्ज ग्रेनव्हिल यांच्या खुर्चीत बसवावे, असे मला वाटते.

ग्रेनव्हिल १७६३ मध्ये पंतप्रधान झाले, तेव्हा ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज युद्धापूर्वीच्या सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून सुमारे तेरा कोटी पौंडांवर गेले होते. फ्रान्सकडून मिळालेल्या विस्तीर्ण प्रदेशाच्या रक्षणासाठी अमेरिकेत सुमारे १०,००० सैनिक ठेवायचे ठरले होते, आणि त्यांचा वार्षिक खर्च दोन लाख पौंडांहून अधिक होता. ब्रिटनमधील जमीनदार आधीच करांखाली वाकले होते. ज्यांच्या रक्षणासाठी ही फौज आहे, त्यांनी खर्चाचा काही वाटा उचलावा, ही अपेक्षा लंडनमध्ये बसून पाहिल्यास अजिबात अन्यायाची वाटत नाही. एवढी माहिती देऊन मी वर्गाला विचारतो की आता तुम्ही काय कराल. बहुतेक विद्यार्थी वसाहतींवर कर बसवतात. तसे केल्यानंतर त्यांना अमेरिकेकडून आलेली उत्तरे वाचायला दिली, म्हणजे ती त्यांना अधिक जोराने भिडतात.

आपल्या चहाच्या कोड्याला एक जुळे भावंडही आहे. १७३३ पासून परकीय मळीवर गॅलनमागे ६ पेन्स जकात होती. १७६४ च्या साखर कायद्याने ती निम्मी, म्हणजे ३ पेन्स केली, आणि तरीही न्यू इंग्लंडमधील व्यापारी खवळले. जुनी जकात कागदावरच होती. लाच देऊन किंवा चोरट्या मार्गाने मळी येई आणि तिची रम गाळली जाई. नवी जकात खरोखर वसूल करायची होती. चोरटा माल पकडला गेला तर खटला स्थानिक ज्यूरीपुढे न चालता नौदलाच्या कक्षेतील न्यायालयात, ज्यूरीविना चालणार होता. कर कमी आणि राग जास्त, हे १७६४ मध्येच घडले होते.

ब्रिटिश बाजूचा दुसरा युक्तिवादही सोडू नये. १७६५ च्या मुद्रांक कायद्याचा मसुदा तयार करणारे टॉमस व्हेटली यांचे म्हणणे असे होते की पार्लमेंटचा प्रत्येक सदस्य साऱ्या साम्राज्याचा प्रतिनिधी असतो. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम या वाढत्या शहरांनाही तेव्हा स्वतःचा एकही सदस्य नव्हता, तरी ती कर भरत होती. मग बॉस्टनची तक्रार वेगळी कशी? याला मेरीलँडच्या डॅनियल ड्युलेनी यांनी दिलेले उत्तर मला त्या साऱ्या वादातले सर्वांत धारदार उत्तर वाटते. मँचेस्टरचा मताधिकार नसलेला माणूस आणि शेजारच्या परगण्यातला मतदार यांच्यावर एकच कर बसतो, त्यामुळे मतदार स्वतःला वाचवताना शेजाऱ्यालाही वाचवतो. अमेरिकेच्या बाबतीत मात्र उलटे घडते. अमेरिकेवर जेवढा कर बसेल, तेवढा इंग्लंडच्या मतदाराचा भार हलका होतो. ज्याचा फायदा आपल्या तोट्यात आहे, तो आपला प्रतिनिधी कसा होईल, असा हा प्रश्न आहे. वर्गात दोन गट करून हा वाद घडवला, तर तास अपुरा पडतो.

---

निशिगंध_एनजे

माझी मुलगी न्यू जर्सीत पाचवीत आहे, त्यामुळे हा धागा माझ्या घरातलाच विषय आहे. तिच्या शाळेत हा भाग एका खेळाने शिकवला गेला. प्रत्येक मुलाला काही मणी दिले, एका मुलाला राजा केले, दोघांना वसुली अधिकारी केले, आणि मग पेन्सिलीला टोक करायला एक मणी, पाणी प्यायला दोन मणी, निळा शर्ट घातला म्हणून तीन मणी, अशी वसुली चालली. मुले खूप संतापली आणि शिक्षिकेने सांगितले की वसाहतींतल्या लोकांनाही असेच वाटले होते.

माझी मुलगी घरी येऊन म्हणाली, "आई, तुम्ही टॅक्स का भरता? टॅक्स म्हणजे लुबाडणूक असते." रस्ते, वाचनालय आणि तिची शाळासुद्धा करातून चालते, हे सांगेपर्यंत आमचे रात्रीचे जेवण होऊन गेले. शाळेवर माझा राग नाही. मुलांना गुंतवून ठेवणे किती कठीण असते, ते मी जाणते. तरी या खेळाने नेमके काय शिकवले, याचा विचार व्हायला हवा असे वाटते.

---

शारदा_म

निशिगंधताई, आपण सांगता तो खेळ इकडे अनेक वर्गांत खेळला जातो. त्यातला दोष आपण नेमका पकडला आहे. खेळातले कर विक्षिप्त आणि जाचक असतात, त्यामुळे मुलांचा राग कराच्या आकारावर आणि राजाच्या लहरीवर जातो. वसाहतींतले लोक कर भरत नव्हते असे नाही. त्यांची स्वतःची विधिमंडळे होती, ती कर बसवत आणि लोक ते भरत.

मी तो खेळ बदलून घेते. आधी वर्गाने आपले पाच प्रतिनिधी निवडायचे, त्यांनी चर्चा करून वर्गाच्या पुस्तकपेटीसाठी प्रत्येकाकडून दोन मणी घ्यायचे ठरवायचे, आणि सगळ्यांनी ते द्यायचे. हे फार कुरकुर न होता पार पडते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वर्गाचे प्रतिनिधी येऊन सांगतात की त्यांनी बैठक घेऊन ठरवले आहे की आमच्या वर्गाने दोन मणी द्यावेत, कारण मैदानावरचे सामान दोन्ही वर्ग वापरतात. रक्कम तेवढीच, कारणही बरे. मागच्या वर्षी या ठिकाणी वर्गात उभी फूट पडली. काही मुलांना यात काहीच वावगे वाटले नाही. सामान आपण वापरतो तर पैसे द्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. इतरांचा मुद्दा असा होता की आज दोन मागितले, उद्या वीस मागतील, आणि त्यांना नाही म्हणायला आपले तिथे कोणी नाही. मी निवाडा दिला नाही. दोन्ही बाजू १७६५ मध्ये होत्या, एवढेच सांगितले आणि कागदपत्रे वाटली.

त्या कागदपत्रांत एक पान मुले फार वेळ न्याहाळतात. फिलाडेल्फियाच्या विल्यम ब्रॅडफर्ड यांचे 'पेनसिल्व्हेनिया जर्नल' हे वृत्तपत्र ३१ ऑक्टोबर १७६५ रोजी, म्हणजे मुद्रांक कायदा लागू होण्याच्या आदल्या दिवशी, थडग्याच्या दगडासारखे छापले गेले. भोवती जाड काळ्या रेघा आहेत, माथ्यावर कवटी आहे, आणि जिथे मुद्रांक उमटवायचा तिथेही कवटी आणि हाडे काढली आहेत. वृत्तपत्र मरत आहे आणि पुन्हा जिवंत होण्याची आशा आहे, असे मालकाने लिहिले आहे. वृत्तपत्रे, पत्रके, पंचांगे, न्यायालयाचे कागद, परवाने, पत्त्यांचे जोड आणि फासे अशा साऱ्यांना लंडनहून आलेला मुद्रांकित कागद किंवा शिक्का लागणार होता. माझ्या वर्गातल्या भारतीय घरांतील मुलांना हे लवकर कळते, कारण घराच्या कागदपत्रांतला स्टँप पेपर कोणी ना कोणी पाहिलेला असतो. हा कर छापखानेवाले, वकील आणि व्यापारी यांच्यावर, म्हणजे नेमका ज्यांना लिहिता-बोलता येत होते त्यांच्यावर सर्वाधिक बसला, हेही मी मुलांच्या लक्षात आणून देते.

---

विधिज्ञ

चर्चेचा स्तर पाहून आनंद झाला. कायद्याच्या बाजूने दोन मुद्दे मांडतो. ते शिक्षकांना उपयोगी पडतील अशी आशा आहे.

पहिला मुद्दा घोषणेचा आहे. 'प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही' हे वाक्य ऐकल्यावर विद्यार्थ्यांचा समज होतो की वसाहतींना लंडनच्या पार्लमेंटमध्ये जागा हव्या होत्या आणि त्या मिळाल्या असत्या तर वाद मिटला असता. ऑक्टोबर १७६५ मध्ये न्यूयॉर्क येथे नऊ वसाहतींचे प्रतिनिधी जमले, त्यांच्या ठरावात स्पष्ट म्हटले आहे की वसाहतींतील लोकांना पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात प्रतिनिधित्व नाही आणि स्थानिक परिस्थितीमुळे ते असूही शकत नाही. तीन हजार मैलांचा समुद्र ओलांडून पाठवलेले मूठभर सदस्य तिथे काय करणार? म्हणून कर बसवण्याचा अधिकार फक्त आपापल्या विधिमंडळांना आहे, असा त्यांचा दावा होता. व्हर्जिनियाचे विधिमंडळ १६१९ पासून चालत आले होते, त्यामुळे हा दावा हवेतला नव्हता.

दुसरा मुद्दा १७६७ च्या टाउनशेंड करांचा आहे, आणि शालेय पुस्तके तो फार घाईने उरकतात. काच, शिसे, रंग, कागद आणि चहा या वस्तूंवर कर बसला, एवढेच मुलांना पाठ होते. त्या उत्पन्नाचा उपयोग काय होणार होता, हे विचारले जात नाही. गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार त्यातून द्यायचे होते. त्यापूर्वी बऱ्याच वसाहतींत हे पगार स्थानिक विधिमंडळे देत असत, आणि गव्हर्नर फार आडमुठेपणा करू लागला तर पगार अडवून त्याला वठणीवर आणत असत. पगाराची थैली लंडनकडे गेली, की विधिमंडळाच्या हातातला हा एकमेव लगाम सुटणार होता. १७७२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वरिष्ठ न्यायाधीशांचे पगारही राजाकडून मिळणार अशी बातमी आली, तेव्हा चळवळीचे बॉस्टनमधील पुढारी सॅम्युएल अॅडम्स यांनी बॉस्टनच्या नगरसभेकडून पत्रव्यवहार समिती नेमून घेतली आणि गावोगावी अशा समित्या उभ्या राहिल्या. १७७० मध्ये इतर चार वस्तूंवरचे कर रद्द झाले, पण चहावरचा ठेवला गेला, यामागे हा पगाराचा हिशेबही होता. शारदाताईंच्या ३ पेन्सच्या कोड्याला या माहितीने पूर्णता येईल.

जाता जाता १८ मार्च १७६६ ही तारीखही फळ्यावर लिहावी. त्या दिवशी मुद्रांक कायदा रद्द झाला, आणि त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा कायदा करून जाहीर केले की वसाहतींवर 'कोणत्याही बाबतीत' बंधनकारक कायदे करण्याचा अधिकार आपल्याला आहे. अमेरिकेत लोकांनी रोषणाई करून पहिल्या कायद्याचा आनंद साजरा केला. दुसऱ्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले.

---

पूर्वरंग

या विषयाचा भारताशी जो संबंध आहे, तो ओढूनताणून आणलेला नाही, म्हणून लिहितो. एक गैरसमज आधी दूर करायला हवा: बॉस्टनमध्ये बुडवलेला चहा भारतातला नव्हता. आसामातल्या चहाचे मळे १८३० च्या दशकातले. हा चहा चीनमधल्या कँटनहून आलेला होता. बराचसा बोही नावाचा साधा काळा चहा, आणि थोडा हिरवा.

मात्र तो बुडवण्याची वेळ का आली, या प्रश्नाचे एक टोक बंगालमध्ये आहे. १७६५ मध्ये कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसूल करण्याचा अधिकार मिळाला, पाच वर्षांत तिथे भीषण दुष्काळ पडला, लष्करी खर्च वाढत गेला, आणि १७७२ मध्ये युरोपातील पतपेढ्या कोसळल्यावर कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. तिच्या लंडनच्या गोदामांत सुमारे १ कोटी ७० लाख रत्तल चहा पडून होता. १७७३ मध्ये पार्लमेंटने कंपनीला १४ लाख पौंडांचे कर्ज दिले, बंगालच्या कारभारावर देखरेखीसाठी नियामक कायदा केला आणि चहा खपवण्यासाठी अमेरिकेची बाजारपेठ उघडून दिली. आपल्याकडच्या पुस्तकांत नियामक कायदा एका प्रकरणात असतो आणि चहाचा कायदा दुसऱ्याच. ती एकाच संकटाची एकाच वर्षातली दोन अपत्ये आहेत, हे विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही.

आणि अमेरिकेतल्या लोकांना बंगालची बातमी होती. पेनसिल्व्हेनियाचे जॉन डिकिन्सन यांनी नोव्हेंबर १७७३ मध्ये 'रस्टिकस' या टोपणनावाने एक पत्रक लिहिले. कंपनीने आशियात माणसांच्या जिवाची आणि हक्कांची काय किंमत केली ते पाहा, असे सांगून दुष्काळात एका वर्षात पंधरा लाख माणसे भुकेने मेल्याचा उल्लेख त्यांनी केला, आणि तीच कंपनी आता आपल्याकडे वळली आहे असा इशारा दिला. बंगालच्या भुकेची बातमी फिलाडेल्फियातल्या वाचकाच्या मनात चहाविषयी धास्ती निर्माण करते, हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. मॅसॅच्युसेट्समधल्या मराठी मुलांना हे जरूर वाचून दाखवावे.

---

रानजाई

आतापर्यंतची चर्चा युक्तिवादांची झाली. मला चळवळीच्या दुसऱ्या अंगाकडे लक्ष वेधायचे आहे.

२६ ऑगस्ट १७६५ च्या रात्री बॉस्टनच्या जमावाने लेफ्टनंट गव्हर्नर टॉमस हचिन्सन यांचे घर फोडले, सामान लुटले आणि त्यांनी जमवलेली वसाहतीच्या इतिहासाची हस्तलिखिते रस्त्यावरच्या चिखलात टाकली. जानेवारी १७७४ मध्ये जकात अधिकारी जॉन माल्कम यांना कडाक्याच्या थंडीत उघडे करून, अंगावर डांबर ओतून आणि पिसे चिकटवून शहरभर फिरवले. नोव्हेंबर १७६५ पर्यंत मुद्रांक विकण्यासाठी नेमलेल्या जवळजवळ सगळ्या माणसांनी राजीनामे दिले, ते सर्वांनी ड्युलेनी वाचून मतपरिवर्तन झाल्यामुळे दिले नव्हते. बॉस्टनचे अँड्र्यू ऑलिव्हर यांचा पुतळा १४ ऑगस्टला एल्मच्या झाडाला टांगला गेला होता, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते काम सोडण्याचे कबूल केले. कायदा अंमलात येऊ शकला नाही, याचे मोठे श्रेय या भीतीकडे जाते. हे लपवून चळवळ शिकवणे मला पटत नाही.

दुसरे म्हणजे, गुलामगिरीचा शब्द या साऱ्या लिखाणात पदोपदी येतो. आमच्या संमतीशिवाय कर घेणे म्हणजे आम्हाला गुलाम करणे, असे हे लोक लिहीत होते, आणि त्याच बॉस्टनमध्ये खरी गुलाम माणसे राहत होती. एप्रिल १७७३ मध्ये त्यांच्यापैकी चौघांनी, पीटर बेस्टस, सॅम्बो फ्रीमन, फेलिक्स होलब्रुक आणि चेस्टर जोई यांनी, विधिमंडळातल्या प्रतिनिधींना एक छापील पत्र पाठवले. आपल्याच बांधवांकडून गुलाम केले जाऊ नये म्हणून जे इतक्या धैर्याने उभे राहिले, त्यांच्याकडून आम्ही मोठ्या अपेक्षा करतो, असे त्यात आरंभीच म्हटले आहे. चहा बुडाला त्याच वर्षातले हे पत्र आहे. ते लहान आहे, भाषा स्वच्छ आहे आणि पाचवीच्या मुलांना सहज समजेल. पुढे बरोबर शंभर वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्या मुक्तीची पहिली मागणी करणाऱ्यांत हे चौघेही होते, हे मराठी घरातल्या मुलांना कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

---

निशिगंध_एनजे

रानजाई, चौघांच्या पत्राविषयी मी पूर्ण सहमत आहे. डांबर आणि पिसांविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. या वयातली मुले त्यातला छळ बाजूला ठेवून त्याची मौज करतात. चित्रात तो माणूस कोंबडीसारखा दिसतो आणि वर्गात हशा पिकतो. भाजलेल्या कातडीचे दुःख त्यांना दिसत नाही. ते सांगायचे तर आठवी-नववीत सांगावे.

---

शारदा_म

आपल्या दोघींचे म्हणणे मला महत्त्वाचे वाटते, आणि मी यातून एक मार्ग काढला आहे. माल्कमऐवजी मी बॉस्टनमधील थिऑफिलस लिली या दुकानदाराचे लेखन देते. व्यापाऱ्यांनी ब्रिटिश माल न मागवण्याचा जो करार केला होता, तो लिलीने पुढे पाळला नाही, म्हणून त्याचे नाव जाहीर करून त्याच्यावर बहिष्कार पुकारला गेला. जानेवारी १७७० मध्ये त्याने वृत्तपत्रात लिहिले की नागरी स्वातंत्र्यासाठी एवढे भांडणारे लोक दुसऱ्याचे नैसर्गिक स्वातंत्र्य हिरावून घ्यायला इतके तयार असावेत, याचे मला नवल वाटते. ज्या कायद्यांना मी संमती दिली नाही ते मला लागू नाहीत असे ते म्हणतात, पण माझ्यावर लादलेल्या त्यांच्या नियमांना मी तरी कुठे संमती दिली होती? शंभर धन्यांचा गुलाम होण्यापेक्षा एकाचा झालेला बरा, निदान तो कोण आहे हे ठाऊक असते, असेही तो म्हणतो.

संमतीचाच युक्तिवाद चळवळीवर उलटवणारे हे लेखन मुलांना विचारात पाडते. पुढच्या महिन्यात त्याच्या दुकानासमोर मुलांचा जमाव जमला, मध्ये पडलेल्या एका जकात कर्मचाऱ्याने आपल्या घरातून गोळी झाडली आणि सुमारे अकरा वर्षांचा ख्रिस्तोफर सायडर मरण पावला. माझ्या वर्गातली मुले त्याच वयाची आहेत. त्यामुळे दांडगाईची किंमत काय असते, ते सांगायला मला डांबराची गरज पडत नाही.

बहिष्काराविषयी अजून कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहिते. फेब्रुवारी १७६६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांना पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहापुढे साक्षीला बोलावले होते. अमेरिकनांना पूर्वी कशाचा अभिमान वाटे, या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले की ब्रिटनमधल्या फॅशनी आणि तिथला माल वापरण्याचा. आणि आता? नवे कपडे स्वतः तयार करता येईपर्यंत जुनेच पुन्हा पुन्हा घालण्याचा. हा प्रश्नोत्तरांचा भाग दोन मुलांकडून वाचून घेतला की वर्ग एकदम जागा होतो. नवे कपडे तयार करायचे म्हणजे सूत हवे, आणि सूत स्त्रिया काततात. म्हणून न्यू इंग्लंडमध्ये धर्मोपदेशकांच्या घरी स्त्रिया चरखे घेऊन जमू लागल्या. विधिमंडळात ज्यांना स्थान नव्हते, त्यांच्या हातात घरातली खरेदी होती. ऑक्टोबर १७७४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील ईडेंटन गावच्या ५१ स्त्रियांनी बहिष्काराला पाठिंबा देणाऱ्या निवेदनावर स्वतःच्या नावाने सह्या केल्या. लंडनमध्ये त्यांची टवाळी करणारे चित्र निघाले, त्यात बायका राजकारणात रमल्या आहेत आणि टेबलाखाली मूल दुर्लक्षित पडले आहे. त्या चित्रात मागे एक कृष्णवर्णीय दासीही उभी आहे. मुलांना आधी चित्र दाखवावे आणि ते कोणी, कोणासाठी काढले असेल, हे ओळखायला लावावे.

---

गोदाकाठ

चित्रांचा विषय निघालाच आहे, तर ५ मार्च १७७० ला बॉस्टनमध्ये ब्रिटिश सैनिकांनी जमावावर केलेल्या गोळीबाराचे पॉल रेव्हिअर यांचे चित्र वगळू नये. चित्रात सैनिक एका ओळीत शिस्तीने उभे आहेत, कॅप्टन प्रेस्टन त्यांच्या मागे तलवार उचलून हुकूम देत आहे, आणि जकात कार्यालयावर 'खाटीकखाना' अशी पाटी आहे. प्रेस्टन यांच्या जबानीनुसार ते सैनिकांच्या पुढे, जमाव आणि संगिनी यांच्या मधोमध उभे होते, आणि जमाव बर्फाचे गोळे व दांडकी फेकत होता. पाच माणसे मेली हे दोन्हींत समान आहे. त्यांतले क्रिस्पस अॅटक्स हे आफ्रिकी आणि मूळ अमेरिकी वंशाचे खलाशी होते, हे चित्रावरून कळत नाही. सैनिकांचे वकीलपत्र जॉन अॅडम्स यांनी घेतले. प्रेस्टन आणि सहा सैनिक निर्दोष सुटले, दोघांना मनुष्यवधासाठी दोषी धरून अंगठ्यावर डाग दिला गेला. चित्र आणि जबानी शेजारी शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना फक्त फरक शोधायला सांगितले, तरी पुरावा म्हणजे काय हे त्यांना समजू लागते. योगायोग असा की नेमक्या ५ मार्चलाच लॉर्ड नॉर्थ लंडनमध्ये चहा सोडून इतर कर रद्द करण्याचा प्रस्ताव मांडत होते.

शारदाताई, एक विचारू का? १७७३ च्या डिसेंबरात चहा फक्त बॉस्टनमध्येच बुडवला गेला, इतर बंदरांत नाही. याचे उत्तर आपण मुलांना कसे देता?

---

शारदा_म

सर, आपला प्रश्न योग्य जागी आला. माझा शेवटचा तास त्याच प्रश्नावर असतो.

कंपनीचा चहा बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि चार्ल्सटन अशा चार ठिकाणी निघाला होता. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियात अडत्यांनी लोकांच्या दबावाखाली अंग काढून घेतले आणि जहाजे माल न उतरवता परत गेली. चार्ल्सटनमध्येही अडत्यांनी काम सोडले, कर कोणी भरला नाही, तेव्हा जकात अधिकाऱ्यांनी चहा जप्त करून तळघरात ठेवला. बॉस्टनमध्ये मात्र अडत्यांत गव्हर्नर झालेल्या हचिन्सन यांचे दोन मुलगे होते, आणि कोणीच माघार घेईना. 'डार्टमथ' जहाज २८ नोव्हेंबरला बंदरात आले. नियमाप्रमाणे वीस दिवसांत कर भरला नाही, तर जकात खाते माल ताब्यात घेऊ शकत होते. ती मुदत १७ डिसेंबरला संपत होती. एकदा बंदरात शिरलेले जहाज जकातीच्या परवान्याशिवाय बाहेर पडू शकत नव्हते, परवाना कर भरल्याशिवाय मिळत नव्हता, आणि गव्हर्नर तो नियम शिथिल करायला तयार नव्हते.

यात अडकला तो जहाजाचा तरुण भागीदार फ्रान्सिस रॉच. १६ डिसेंबरला ओल्ड साउथ सभागृहात हजारो लोक जमले होते, आणि त्यांनी त्याला अखेरचा प्रयत्न म्हणून मिल्टन येथे गव्हर्नरांच्या घरी पाठवले. दिवे लागल्यावर तो नकार घेऊन परतला. काही वेळातच ग्रिफिनच्या धक्क्यावर तीन जहाजांवरच्या पेट्या फुटू लागल्या. सुमारे ९२,००० रत्तल चहा गेला. कंपनीने त्याची किंमत ९,६५९ पौंड लावली. इतर मालाला हात लागला नाही.

मुलांना मी १५ डिसेंबरपर्यंतचीच माहिती असलेले एक पान देते. त्यात रॉचच्या अडचणी आहेत, हचिन्सन यांची बाजू आहे, अडत्यांची आणि नगरसभेचीही आहे. चार गट करून प्रत्येकाने आपल्या माणसाच्या जागी राहून ठरवायचे की उद्या काय करायचे, आणि कारण लिहायचे. दरवर्षी उत्तरे वेगळी येतात. एका वर्षी हचिन्सन यांच्या गटाने जहाज सोडून दिले, आणि त्यामुळे गव्हर्नरांची राजाशी असलेली बांधिलकी मोडली की नाही, यावर तास संपेपर्यंत वाद चालला. बॉस्टनचे बंदर १ जून १७७४ पासून बंद केले गेले आणि त्याच सप्टेंबरात बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले, हे मी त्यानंतर सांगते.

या धाग्यामुळे त्या पानात दोन गोष्टी वाढवायच्या ठरवल्या आहेत. न्यायाधीशांच्या पगाराचा मुद्दा नगरसभेच्या बाजूला जाईल आणि डिकिन्सन यांचा बंगालविषयीचा उतारा स्वतंत्र चौकटीत येईल. चौघांचे एप्रिलमधले पत्र मी त्याच्या आदल्या तासाला वाचून घेणार आहे. सुधारलेले पान मराठीत करून पुढच्या आठवड्यात इथेच टाकते. विधिज्ञ आणि पूर्वरंग यांनी आपापला भाग एकदा नजरेखालून घालावा, ही विनंती.